बर्फाळ हिवाळ्यासाठी नवी एसयूव्ही घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घ्यायची ठरली की ओळखीपाळखीतले लोक मला फोन करतात. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. इथे हिवाळा म्हणजे महिनोन्महिने शून्याखाली राहणारा पारा, रस्त्यावर दबून दगड झालेलं हिम, त्यावर टाकलेलं मीठ आणि दुपार सरायच्या आत पडणारा अंधार. आणखी एक खुलासा आधीच करतो. मराठीत आपण भुरभुरून पडतं त्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही. टायरच्या लेखी ते दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. म्हणून जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे मी 'हिम' आणि 'काचबर्फ' असे शब्द वापरले आहेत.

एसयूव्ही उंच आणि जड असते. बर्फात ती छोट्या गाडीपेक्षा सुरक्षित नाही का?

खोल हिमातून बाहेर पडायला उंची कामी येते, ते खरं. जडपणाचा मात्र लोक समजतात तसा उपयोग होत नाही. वजनामुळे टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो हे बरोबर, पण तेवढंच जास्त वजन थांबवावंही लागतं. जमा आणि खर्च सारखेच. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, याच्या साध्या सूत्रात वजन येतच नाही. त्यात येतात वेग आणि टायरची पकड.

आकडेच बघा. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या हिमावर तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं आणि काचबर्फावर १०० मीटरला टेकतं. पाय ब्रेकपर्यंत पोचायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. आणि वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं.

काचबर्फाची आणखी एक खोड : उणे २० अंशापेक्षा तो शून्याच्या आसपास जास्त निसरडा असतो, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. 'आज थंडी कमी आहे' म्हणून निर्धास्त होणारे लोक याच दिवशी गटारात सापडतात. पूल तर खालून-वरून दोन्हीकडून थंड होतात, त्यामुळे बाकी रस्ता ठीक असतानाही पुलावर बर्फ धरलेला असू शकतो.

मग ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी की नाही?

परवडत असेल तर घ्या, पण ती कशासाठी आहे ते समजून घ्या. इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळते, म्हणून गाडी सिग्नलवरून चाकं जागच्या जागी गरगर न फिरवता निघते, चढ चढते, पार्किंगमधल्या ढिगातून बाहेर येते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला आधीपासूनच चारही चाकांना असतात. थांबण्यात ऑल व्हील ड्राइव्हचा काही हात नाही.

हे मी घसरून शिकलो. पहिली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतली, त्या हिवाळ्यात गाडीसोबत आलेले टायर तसेच ठेवले होते. एका चढावर पुढच्या गाड्या चाकं गरगर फिरवत अडकल्या होत्या आणि मी बाजूने भुर्रकन वर. छाती फुगली. चढाच्या पलीकडे उतार आणि उताराच्या तळाशी चौक. ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) कर्र-कर्र-कर्र सुरू झाली आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, कसलाही आवाज न करता, लाल सिग्नल ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आडवं कोणी येत नव्हतं एवढंच नशीब. पुढच्याच आठवड्यात हिवाळी टायर घातले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह (फक्त पुढच्या चाकांना ओढ असलेली) गाडी आणि चार चांगले हिवाळी टायर ही जोडी, ऑल व्हील ड्राइव्ह आणि साधे टायर या जोडीपेक्षा मला केव्हाही बरी वाटते. दोन्ही मिळालं तर उत्तमच. एकाचेच पैसे असतील तर टायर.

फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह एकच ना?

जाहिरातीत एकच, गाडीखाली वेगवेगळं.

पहिला प्रकार 'पार्ट टाइम' फोर बाय फोर. लिव्हर किंवा नॉब फिरवून टू-एच (फक्त दोन चाकांना ओढ), फोर-एच (चारही चाकांना) किंवा फोर-एल (चारही चाकांना, कमी वेग आणि जास्त जोर) निवडायचं. फोर-एचमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे आस, एकमेकांशी जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. निसरड्या रस्त्यावर टायर थोडा घसरून हा फरक भरून काढतो, कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट-गिअरवर येतो. हिवाळ्यात रस्ता शंभर मीटर बर्फाळ, पुढचे दोनशे कोरडा, पुन्हा बर्फाळ असा असतो. तुम्ही दर वळणाला नॉब फिरवणार आहात का? जंगलातला, कोणी साफ न करणारा रस्ता रोजचा असेल तर हा प्रकार राजा. बाकीच्यांना त्याची कटकटच जास्त.

दुसरा प्रकार कायम चालू असणारा. मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) किंवा तसाच काही बंदोबस्त असतो, कोरड्या-ओल्याची चिंता नाही.

तिसरा, आणि आज सर्वात जास्त विकला जाणारा, गरजेनुसार जोडला जाणारा. एरवी पुढची चाकं गाडी ओढतात, गरज पडली की क्लच मागच्या चाकांना कामाला लावतो. काही हायब्रिडमध्ये तर मागे जाणारा शाफ्टच नसतो, मागच्या ॲक्सलवर वेगळी मोटार असते. या प्रकारात फार तफावत आहे. काही गाड्या पुढचं चाक घसरल्यावर जाग्या होतात, काही ॲक्सिलरेटर दाबताक्षणी मागची चाकं तयार ठेवतात. शोरूममध्ये नेमकं हेच विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर बर्फाच्या चढावर उभी करून बघितल्याशिवाय गाडी घेऊ नका.

गाडीसोबत 'ऑल सीझन' टायर येतात. ते चालणार नाहीत का?

हलका हिवाळा असेल तर चालतील. कडक हिवाळ्यात नाही.

कारण रबरात आहे. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीतही लवचिक राहतं. कडाक्याच्या सकाळी दोन्ही टायरांवर नख रुतवून बघा, एक प्लास्टिकच्या बादलीसारखा लागेल, दुसरा खोडरबरासारखा. शिवाय हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड रस्त्याला चावते. खोल खाचांमध्ये हिम भरतं आणि हिम हिमाला चांगलं चिकटतं, हातात गोळा वळताना दिसतं तसंच. म्हणून खाचेत थोडं हिम अडकलेला टायर बघून घाबरू नका, तो आपलं काम करतो आहे.

खाचांची खोली नव्या टायरला ८ मिलिमीटरच्या आसपास असते. ४ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर चालत असला तरी हिवाळ्यासाठी तो संपला असं मी धरतो.

टायर खरंच हिवाळी आहे हे कसं ओळखायचं?

बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. हे चिन्ह हिमावरची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळतं. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि हिम, ही अक्षरं मात्र कंपनी खाचांची रचना बघून स्वतःच लिहू शकते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४पासून नुसत्या 'एम+एस'च्या टायरला हिवाळी टायर मानत नाहीत, डोंगराचं चिन्ह लागतं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. बऱ्याच ठिकाणी असे नियम आहेत, आपल्या भागाचा आणि जिथे जाणार तिथला नियम बघून घ्या.

डोंगराचं चिन्ह हिमाची ग्वाही देतं, काचबर्फाची नाही. त्यासाठी युरोपातल्या टायर-लेबलवर मे २०२१पासून वेगळं चिन्ह आलं आहे. तुमच्याकडे उघडा काचबर्फ जास्त असेल तर ते बघा.

जाता जाता भिंतीवरचा चार आकडी अंकही वाचा. '३५२४' म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. गोदामात पाच वर्षं पडून असलेला 'नवा' टायर गळ्यात पडायला नको.

फक्त पुढचे दोन हिवाळी घातले तर?

तसं करू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. चारही बदला, आणि ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही एकाच मापाचे, साधारण सारख्या झिजेचे ठेवा, नाहीतर मधला क्लच फुकटचा राबतो आणि तापतो.

मोठे रिम दिसायला छान दिसतात. २० इंची घेऊ?

हिवाळ्यासाठी घेऊ नका. रिम मोठा झाला की टायरची भिंत बुटकी होते. हिमाखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आदळलं की बुटक्या भिंतीचा टायर फाटतो आणि रिम वाकतो. मोठ्या रिमसोबत टायरही बहुधा रुंद येतो, आणि रुंद टायर पातळ, पाणथळ हिमावर तरंगायला बघतो. अरुंद टायर ते कापत खाली जातो.

माझा सल्ला असा : वरच्या मॉडेलला २० इंची आणि खालच्याला १७ किंवा १८ इंची रिम असतील, तर खालचं माप वरच्या मॉडेलच्या ब्रेकवर बसतं का ते करार करण्याआधी विचारा. बसत असेल तर लहान मापाचे स्टीलचे रिम घेऊन त्यावर हिवाळी टायर कायमचे चढवून ठेवा. वर्षातून दोनदा नुसती चाकं बदलायची, टायर रिमवरून काढायचे नाहीत. चाकातल्या हवेच्या सेन्सरचा दुसरा संच लागेल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

आणि स्टेपनी. अनेक नव्या गाड्यांत ती नसतेच, पंक्चर बुजवायच्या द्रावणाची बाटली असते. फाटलेल्या टायरला ती बाटली काय करणार? ज्या गाडीत पूर्ण मापाची स्टेपनी मिळते, तिला माझ्याकडून एक गुण जास्त.

खिळ्यांचे टायर आणि साखळ्या लागतात का?

खिळे काचबर्फावर खरोखर धरतात. पण कोरड्या रस्त्यावर आवाज करतात, डांबर कुरतडतात आणि कित्येक ठिकाणी त्यांना बंदी किंवा महिन्यांची मर्यादा आहे. रोजचा रस्ता काचबर्फाचा असेल तरच घ्या.

साखळ्या डोंगराळ घाटासाठी गाडीत असाव्यात. त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. काही एसयूव्हींत टायर आणि सस्पेन्शनमध्ये इतकी कमी जागा असते की मोठ्या रिमवर साखळी लावायला पुस्तकच मनाई करतं. गाडी घेतल्यावर हे कळणं वाईट. सराव अंगणात, उजेडात करा. पहिल्यांदा साखळी लावायची वेळ अंधारात, गुडघे बर्फात टेकून आली की माणूस काय काय बोलतो ते मी इथे लिहीत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स किती हवा?

म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते. रस्ता नियमित साफ होत असेल तर १८० मिलिमीटर भरपूर. हिमवर्षावानंतर दुपारपर्यंत कोणी फिरकत नसेल तर २०० च्या पुढे बघा. सुबारू फॉरेस्टरचा २२० मिलिमीटर आहे, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. हिम गाडीच्या पोटाला लागलं की गाडी त्यावर बसते, चाकांवरचा भार कमी होतो आणि मग चारही चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. रस्त्यावरचं हिम हटवायला नांगर फिरवून गेलेली गाडी तुमच्या फाटकासमोर जो घट्ट बांध उभा करून जाते, उंचीची खरी परीक्षा तिथेच होते. बाकी उंची वाढवण्याच्या नादात वळणावर डोलणारी गाडी घेऊ नका.

पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

पेट्रोल सर्वात बिनघोर. फक्त रोज दोन-तीन किलोमीटरच चालवणार असाल तर इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा तरी लांब फेरी मारा आणि ऑइल वेळेआधी बदला.

डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. थंड प्रदेशांतले पंप हिवाळ्यात वेगळं, हिवाळी डिझेल विकतात. घोटाळा होतो तो उबदार भागात टाकी फुल करून डोंगरात जाणाऱ्यांचा. डिझेल गाडीत धूर स्वच्छ करायला जे युरियाचं द्रावण लागतं ते उणे ११ अंशाला गोठतं. गाडी ते स्वतः तापवते, पण सुटा डबा डिकीत ठेवलात तर तो दगड होईल. शिवाय डिझेल इंजिन सावकाश तापतं, म्हणून आत ऊबही सावकाश येते.

हायब्रिडचं मायलेज हिवाळ्यात पडतं, कारण आत ऊब द्यायची म्हणून इंजिन चालूच राहतं. पहिल्या हिवाळ्यात 'गाडी बिघडली' म्हणून फोन करणाऱ्यांपैकी अर्धे हायब्रिडवाले असतात. बिघडलेलं काही नसतं.

इलेक्ट्रिकबद्दल दोन्ही बाजूंनी फार अतिशयोक्ती होते. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के पूर्ण विजेवरच्या होत्या, आणि नॉर्वेचा हिवाळा काही लेचापेचा नाही. इलेक्ट्रिक गाडीला सेल्फ मारायची भानगड नाही, ऊब लगेच येते, चाकांना ओढ अगदी मोजून देता येते. पण इंजिनाची फुकटची उष्णता नसल्याने आतली ऊब बॅटरीतूनच काढावी लागते आणि रेंज घटते. कडाक्यात एक तृतीयांश घट धरूनच हिशेब करा. हीट पंप (कमी विजेत ऊब देणारी यंत्रणा) आहे का, फास्ट चार्जिंगला जाताना बॅटरी आधीच तापवता येते का, हे दोन प्रश्न विचारा, कारण गारठलेली बॅटरी चार्ज फार हळू घेते. रात्री घरी प्लग लावायची सोय असेल तर निघण्यापूर्वी भिंतीतल्या विजेवर गाडी तापवता येते आणि निम्मा त्रास वाचतो. सोय नसेल तर मी तरी अजून थांबेन.

एक बारीक गोष्ट : ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप जोरात मंद होते, ती सोय काचबर्फावर कमीत कमी ठेवा. सगळी ओढ मागच्या चाकांवर असलेली गाडी असेल तर नक्कीच.

सकाळी गाडी चालूच झाली नाही तर? नवी असूनही असं होतं का?

होतं. साधी शिशाची बॅटरी थंडीत अर्धमेली होते. शून्याला तिची साधारण एक तृतीयांश ताकद जाते, उणे १८ ला जवळपास निम्मी. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागतो. बटण दाबल्यावर येणारा तो 'घ्रर्र... घ्र... टक' असा रडका आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

बॅटरीवर 'सीसीए' हा आकडा असतो. उणे १८ अंशाला बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. एकाच मॉडेलला काही ठिकाणी थंड प्रदेशासाठी मोठी बॅटरी देतात, तो पर्याय असेल तर घ्या. ऑइलच्या '०डब्ल्यू-२०' किंवा '५डब्ल्यू-३०' या नावात 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत लवकर वाहतं. तुमच्या इंजिनाला चालणाऱ्यांपैकी सर्वात लहान आकड्याचं भरा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, न गोठणारं द्रावण) पाण्यात निम्मं मिसळलेलं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. नुसतं पाणी घालून पातळी भरणारा मेकॅनिक दिसला तर हात धरा.

पारा उणे २५ च्या खाली नेहमी जात असेल तर ब्लॉक हीटर कारखान्यातूनच बसवून घ्या. इंजिनाच्या अंगात बसणारा हा छोटा हीटर निघण्याआधी दोन-तीन तास प्लगला लावला की पुरतो, रात्रभर वीज जाळायची गरज नाही.

'विंटर पॅकेज'मधलं काय खरंच कामाचं?

गरम होणारं स्टीअरिंग आणि सीट मला आधी चैन वाटायची. आता वाटत नाही. हात गरम असले की जाड हातमोजे काढता येतात आणि स्टीअरिंगवर रस्ता जाणवतो. वायपर जिथे टेकतात तिथली काच तापवणाऱ्या तारा, गरम होणारे आरसे, मागच्या काचेला वायपर, हे तिन्ही घ्याच. चौकोनी पाठीच्या एसयूव्हीची मागची काच दहा किलोमीटरमध्ये चिखलबर्फाने लिंपली जाते. दूरून चालू करता येणारं इंजिन उपयोगी आहे, पण बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, आणि सायलेन्सरचं तोंड हिमात गाडलेलं असताना तर मुळीच नाही. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू थेट आत येतो आणि त्याला वास नसतो.

पूर्ण काचेचं छत? सोडून द्या. आत गारठा, वर हिमाचं ओझं, वर्षातले चार महिने दिसतं ते फक्त पांढरं.

कॅमेरे, रडार आणि नवे दिवे बर्फात चालतात का?

हिम चिकटलं की चालत नाहीत. पुढच्या ग्रिलमागचा रडार झाकला गेला की आपोआप अंतर राखणारी यंत्रणा 'तात्पुरती बंद' असा संदेश देऊन बसते. ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, ब्रशने पुसा.

एलईडी दिव्यांची गंमत वेगळीच आहे. जुने हॅलोजन दिवे स्वतः इतके तापायचे की काचेवरचं हिम वितळून जायचं. एलईडीची काच थंड राहते, त्यावर हिमाचा पापुद्रा धरतो आणि तासाभरात रस्त्यावरचा उजेड मंदावतो. आपल्याला वाटतं हवाच खराब आहे. दिव्यांना गरम काच किंवा पाण्याचा फवारा आहे का, विचारा.

मिठाने गाडी सडते म्हणतात. नव्या गाडीला काय करावं?

पहिल्या हिवाळ्याच्या आधी, पत्रा कोरा आणि कोरडा असतानाच, खालच्या बाजूला आणि पोकळ भागांत मेणाचा किंवा तेलकट थर मारून घ्या. काळा, जाड, रबरासारखा लेप मला आवडत नाही. त्याला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि लेपाखाली गुपचूप गंज चढतो. वर सगळं काळंभोर छान, खाली चाळणी. आधी दारांच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं शोधून ठेवा, ती बुजवू देऊ नका.

गाडी खालून धुवायची ती पारा शून्याच्या वर असलेल्या दिवशी, आणि धुतल्यावर दारांची रबरं पुसून घ्या, नाहीतर रात्रीत दार चिकटतं. रबरांवर सिलिकॉनचा हात फिरवला की हा प्रश्न उरत नाही. दारात सपाट दडलेली, बटणाने बाहेर येणारी हँडल असतील तर ती बर्फाच्या थराखालून कशी उघडतात, हे विक्रेत्याला करून दाखवायला सांगा.

उन्हाळ्यात टेस्ट ड्राइव्ह घेतली तर हिवाळ्याचं काय कळणार?

बरंच कळतं. जाड कोट आणि हातमोजे घेऊन जा. विक्रेता हसेल, हसू द्या. कोट घालून बसल्यावर पट्टा लागतो का? हातमोज्यांनी काच साफ करायचं बटण दाबता येतं, की हीटरसाठी स्क्रीनवर तीन पानं उलटावी लागतात? रस्त्यावर नजर ठेवून जे करता येत नाही ते बर्फात करता येणार नाही. मग वाकून खाली बघा. गाडी ओढून काढायचा हुक कुठे अडकवायचा ते शोधा. बोनेट उघडून काचेच्या पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते विचारा, मिठाचा रस्ता तो साठा बघता बघता संपवतो.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण कशाला असतं?

हिमात रुतल्यावर. चाक फिरू लागलं की ही यंत्रणा इंजिनाचा जोर कापते, आणि रुतलेल्या गाडीला तर थोडं चाक फिरवूनच बाहेर यायचं असतं. बंद करा, हलक्या पायाने पुढे-मागे झुलवा, बाहेर आलात की लगेच पुन्हा चालू करा. ते बटण मेनूत खोल दडवलेली गाडी मला आवडत नाही.

डिलिव्हरी हिवाळ्यात आहे. त्या दिवशी काय बघू?

टायरमधली हवा. उबदार हॉलमध्ये भरलेली हवा बाहेरच्या गारठ्यात उतरते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). आत २० अंश आणि बाहेर उणे १० असेल तर घरी पोचेपर्यंत ५ पीएसआय कमी आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. काचेचं पाणी गोठणारं तर भरलेलं नाही ना, तेही विचारा. मला एकदा एका शोरूमने नव्या कोऱ्या गाडीत साधं पाणी भरून दिलं होतं, दुसऱ्या दिवशी पंप फुटला.

रंग कोणता घ्यावा?

पांढरा सोडून कुठलाही. धुक्यात आणि उडत्या हिमात पांढरी गाडी समोरच्याला दिसत नाही, आणि पार्किंगमध्ये ढिगाऱ्यातून तुम्हालाही सापडत नाही. माझी लाल आहे. मार्चपर्यंत ती मिठाने राखाडीच होते म्हणा.